चौथा पेला

दाराचा हिरवा रंग अजून ओला, 'हात लावू नका' अशी चिठ्ठी,
आणि चिठ्ठीच्या बाजूलाच कुणाची तरी पाच बोटं.
बफेलोत गुडघाभर बर्फ,
तरी अख्खी गल्ली आत कोंबलेली.
नव्याची नवलाई, दुसरं काय.

"पहिल्यांदाच येताय?" पोरीने विचारलं.
छातीवर नाव : पॉ वाह.
म्हटलं, हो. धडधडीत खोटं.
त्र्याहत्तर सालापासून दर शनिवारी
मी या फरशीवर उभी राहिले आहे
खिशात नाणी खुळखुळवत.

तेव्हा इथे कपडे धुवायची यंत्रं होती, चोवीस.
गोल काचेआड साऱ्या आळीच्या चड्ड्या, चादरी,
फादर कॅसिमिरचा पांढरा झगासुद्धा,
एकमेकांना मिठ्या मारत गरगरायचे.
आता त्याच भिंतीला उंच स्टीलच्या टाक्या.
त्यांनाही गोल दारं आहेत,
आत काय चाललंय ते मात्र दिसत नाही.

टेबल डुगडुगत होतं.
कागदी रुमालाच्या आठ घड्या करून पायाखाली सारल्या.
घडी घालण्यात माझा हात कुणी धरणार नाही.

लाकडी फळीवर चार बुटके पेले आले.
पहिला पावाच्या कडेसारखा, साधा, भला.
दुसरा कडू, इतका की नणंद आठवली,
म्हणून हट्टाने संपवला.
तिसरा काळा, जळक्या साखरेचा. त्यावर मी खूश.
चौथा ओठाला लावला आणि
साबण.
अगदी साबण. निळ्या खोक्यातली भुकटी, शनिवारची.

सॉसेज उशिरा आलं, मधे गार.
आंबवलेला कोबी मात्र मुरलेला.
ज्याने घातला त्याला घाई नव्हती.

पॉ वाह ओशाळली, मालकाला घेऊन आली.
कॉर्मॅक. तिशीसुद्धा नसेल. दाढीत पीठ, कान लाल.
"त्यात धने आहेत," म्हणाला, "आणि संत्र्याची साल.
कोथिंबीर कशी काहींच्या जिभेला साबण लागते, जन्मतःच,
तसंच असेल. त्याचे पैसे नकोत."

मी मान डोलावली. जिभेचा दोष, बरोबर.
त्याला कुठे सांगत बसू की भिंती पितात.
चाळीस वर्षं वाफ प्यायल्यात या.
तू वरून रंगाचे तीन हात दिलेस, पोरा.
तीन हातांनी काय होतंय.

आणि तिथे, जिथे आता बारचा कोपरा वळतो,
मी आणि चेस्टर चादरींच्या घड्या घालायचो.
दोन टोकं त्याच्याकडे, दोन माझ्याकडे.
ताण. झटक. पुढे ये.
टोकाला टोक भिडलं की बोटांना बोटं लागायची,
आणि हा बाबा चादर घ्यायची सोडून
हातच धरून ठेवायचा, चारचौघांत.
मागे रांग लागलेली. लाज म्हणून नव्हती त्याला.
हल्ली मी टोकं खुर्चीच्या पाठीला अडकवते.
खुर्ची पुढे येत नाही.

"हा पेला परत नेऊ?"
म्हटलं, राहू दे. असलाच एक आण. मोठा.

निघताना कॉर्मॅकला बोटाने जवळ बोलावलं.
"मार्चात बर्फ वितळतं ना,
तेव्हा तुझ्या तिसऱ्या टाकीखालची मोरी उलटी वाहते.
घोटाभर पाणी. दर वर्षी.
धान्याची पोती खाली ठेवू नकोस."
त्याने पेल्याखालच्या पुठ्ठ्यावर लिहून घेतलं,
मग वर पाहिलं, काहीतरी विचारणार होता,
तेवढ्यात आत कुठेतरी घंटा वाजली, पळाला.

पॉ वाहसाठी नाणी ठेवली, चार-चारच्या चवडी रचून.
कोटाची बटणं लावायला वेळ लागला.
बाहेर पडताना पायरीवर तोल गेला,
दाराला धरलं. चांगलं धरलं, पूर्ण पंजाने.

घरी येऊन दोनदा हात धुतले.
निघत नाही.